पोट बिघडलंय की स्टमक फ्लू झालाय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. दोन मुलं, एक सासूबाई, एक डायबेटिसवाला नवरा आणि पावसाळ्यात गढूळ पाणी येणारा नळ एवढाच माझा अनुभव, बाकी डॉक्टरांच्या मागे लागून लागून विचारलेलं. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर दर वर्षी तेच तेच प्रश्न येतात आणि दर वेळी रात्री अकरा वाजताच येतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवलं. डॉक्टरकडे जायचं की घरी थांबायचं एवढं ठरवता यावं इतपतच हे आहे, औषध ठरवायला नाही.

स्टमक फ्लू म्हणजे नक्की काय? फ्लूच का?

नाव चुकीचं आहे पण पडलं ते पडलं. फ्लू म्हणजे इन्फ्लुएंझा, तो नाक घसा छातीचा आजार, त्याचा याच्याशी काही संबंध नाही, त्यामुळे फ्लूची लस घेतलीय म्हणून हा होणार नाही असंही नाही. हा पोटाचा आणि आतड्याचा व्हायरल आजार, डॉक्टर व्हायरल गॅस्ट्रोएन्टेरायटिस म्हणतात, आपण गॅस्ट्रो म्हणून मोकळे होतो. पण आपल्याकडे गॅस्ट्रो हा शब्द फार ढगळ आहे, दूषित पाण्याने गावात साथ आली तरी गॅस्ट्रो आणि लग्नातलं बासुंदीचं जेवण बाधलं तरी गॅस्ट्रो.

हे करणारे व्हायरस बरेच आहेत पण दोघांची नावं लक्षात ठेवली तरी पुरे. नोरोव्हायरस, जो कोणालाही धरतो, लहान मोठं बघत नाही. याचं नाव अमेरिकेतल्या ओहायोमधल्या नॉरवॉक गावावरून पडलं, तिथल्या शाळेत १९६८ साली मुलं आणि मास्तर पटापट आजारी पडले होते. दुसरा रोटाव्हायरस, हा मुख्यतः पाच वर्षांच्या आतल्या मुलांचा. १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियात सापडला, मायक्रोस्कोपखाली चाकासारखा दिसतो आणि लॅटिनमध्ये रोटा म्हणजे चाक.

सुरुवात कशी होते? पहिलं लक्षण कुठलं?

बहुतेक वेळा मळमळ. दुपारपर्यंत माणूस ठणठणीत असतो, संध्याकाळी जेवणाचा वास नको वाटतो, तोंडाला पाणी सुटतं (चांगलं नाही, उलटीच्या आधीचं), आणि मग एकदम उलटी. काही तासांत जुलाब. पोटात मुरडा येतो, संडासला जाऊन आलं की जरा बरं वाटतं, परत पंधरा मिनिटांनी येतो. बारीक ताप, अंग मोडून येणं, डोकं दुखणं हेही असतं, म्हणूनच लोक फ्लू म्हणत असावेत. नोरोव्हायरसमध्ये उलट्या जास्त आणि एकदम जोरात येतात, काही मोठ्या माणसांना तर उलट्या कमी आणि नुसते जुलाबच होतात, दोन्ही चालतं.

जुलाब पाण्यासारखे असतात, त्यात रक्त नसतं. हे वाक्य परत वाचा. रक्त किंवा शेंबडासारखी आव पडत असेल तर तो साधा स्टमक फ्लू धरायचाच नाही, बॅक्टेरिया किंवा अमिबा असू शकतो, तिथे डॉक्टरच लागतो.

किती वेळा गेलं की जुलाब म्हणायचं?

२४ तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ झाली की जुलाब, जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या हीच आहे. नुसतं अंगावर पिणारं बाळ दिवसातून सहा वेळा पिवळी सैलसर शी करतं ते जुलाब नाहीत, त्याचं नेहमीचं काय आहे त्यापेक्षा जास्त आणि जास्त पाणीदार झालं का ते बघायचं.

पण खरं सांगू का, जुलाब मोजत बसू नका, लघवी मोजा. आमच्याकडे आजारी पडलं की फ्रिजवर एक कागद लावते, त्यावर वेळ टाकून फक्त तीन गोष्टी लिहायच्या, काय प्यायलं, उलटी झाली का, लघवी झाली का. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात आणि आपण "झाली असेल बहुतेक" म्हणून नवऱ्याकडे बघतो आणि नवरा आपल्याकडे.

बाहेरचं खाल्लं होतं. मग फूड पॉयझनिंग की स्टमक फ्लू?

घड्याळ बघा. खाल्ल्यावर दोन चार तासांतच उलट्या सुरू झाल्या आणि सोबत खाणारे आणखी दोघे तिघे त्याच वेळी आडवे पडले तर ते बहुतेक अन्नातलं विष. स्टॅफ नावाचा बॅक्टेरिया अन्नातच विष तयार करून ठेवतो, ते अर्ध्या तासापासून आठ तासांत दणका देतं आणि साधारण दिवसभरात आटोपतं. फोडणीच्या भाताचंही तसंच, रात्रीचा भात ओट्यावर तसाच राहिला की त्यात जे विष होतं ते सकाळी कितीही खमंग परतलं तरी जात नाही, भात उरला तर लवकर गार करून फ्रिजमध्ये टाका, सकाळी बघू असं नको.

नोरोव्हायरसला शिरल्यापासून १२ ते ४८ तास लागतात, रोटाला साधारण दोन दिवस. म्हणून आज दुपारी खाल्लेल्या पाणीपुरीला आज संध्याकाळी शिव्या देताना जरा थांबा, गुन्हेगार परवाचा असू शकतो, किंवा पाणीपुरी नसेलच, शेजारच्या मुलाकडून आलेलं असेल. घरात आधी एकाला, दोन दिवसांनी दुसऱ्याला, मग तिसऱ्याला अशी रांग लागली तर व्हायरस. सगळे एकदम तर अन्न. अगदी शंभर टक्के नाही, पण घरबसल्या एवढाच अंदाज लावता येतो, आणि खरं म्हणजे पहिल्या दिवशी दोन्हीवर करायचं तेच आहे.

किती दिवस चालतं?

नोरो एक ते तीन दिवस. रोटामध्ये लहान मुलांचे जुलाब तीन ते आठ दिवस चालू शकतात. उलट्या आधी थांबतात, जुलाब मागाहून. नंतर आठवडाभर पोट हळवं राहतं, दूध प्यायलं की गुडगुड होते, ते चालायचंच.

अंगातलं पाणी कमी झालंय हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न खरं तर सगळ्यात वर पाहिजे होता. या आजारात माणसाला व्हायरस मारत नाही, पाणी आणि मीठ निघून गेल्याने जीव जातो.

मोठ्या माणसात, तोंड कोरडं पडतं, जीभ टाळ्याला चिकटते, लघवी कमी आणि गडद पिवळी होते, उठून उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी येते. सहा आठ तास लघवीच नाही म्हणजे गोष्ट हाताबाहेर चाललीय. म्हातारी माणसं तहान लागली असं सांगत नाहीत, माझ्या सासूबाई तर बाथरूमला उठायला नको म्हणून मुद्दाम पाणी कमी पितात, तेव्हा त्यांच्या बाबतीत विचारायचं नाही, ग्लास हातात द्यायचा आणि संपेपर्यंत समोर बसायचं. एकदम असंबद्ध बोलायला लागल्या किंवा सारखी झोप येतेय तर "वय झालं" म्हणून सोडायचं नाही.

बाळांमध्ये डायपर बघा, सहा तास कोरडा म्हणजे निघा. रडतंय पण डोळ्यात पाणी नाही, डोळे खोल गेलेत, टाळू खाली बसलीय, हे सगळं वाईट. पोटावरची चामडी चिमटीत धरून सोडायची, लगेच पूर्ववत झाली तर ठीक, हळूहळू सपाट होत गेली तर पाणी कमी झालंय, आणि दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर गाडी काढा. जे मूल तहानेने ग्लास ओढून घेतंय त्याच्यापेक्षा जे पडून आहे आणि पाणीही नको म्हणतंय ते जास्त आजारी आहे. आपण उलटं समजतो, शांत झोपलंय म्हणजे बरं वाटतंय.

उलटी होतेय, पोटात काही टिकतच नाही, मग ओआरएस (पाकिटातलं मीठसाखरेचं पाणी) द्यायचं कसं?

हीच चूक मी केली होती. थोरला तीन वर्षांचा असताना उलट्या झाल्या, मी घाबरून अख्खा ग्लास ओआरएस पाजला, बिचाऱ्याला तहान लागलेली, त्याने गटागटा घेतला आणि दोन मिनिटांत सगळा माझ्या अंगावर. परत दिला, परत बाहेर. मग दवाखान्यातल्या सिस्टरनी माझ्या हातातून ग्लास काढून घेतला आणि एक चमचा दिला. उलटी झाली की दहा मिनिटं काहीच नाही, मग एक चमचा, मिनिट दोन मिनिटं थांबायचं, परत एक चमचा. घड्याळ समोर ठेवून. कंटाळवाणं काम आहे, तासभर तेच, पण त्या तासात वाटीभर आत गेलं आणि राहिलं, सलाईन लागलं नाही.

उलट्या थांबल्यावर अंदाज असा की दर जुलाबामागे दोन वर्षांच्या आतल्या मुलाला ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली, मोठ्यांना हवं तेवढं.

पाकीट अर्धं अर्धं करून ग्लासात टाकलं तर चालतं ना?

नाही हो. मोठं पाकीट, साधारण २१ ग्रॅमचं, एक लिटर पाण्यासाठी असतं, २०० मिलीचं छोटं पाकीटही मिळतं, पाकिटावर लिहिलेलं वाचा आणि अख्खं पाकीट तेवढ्याच पाण्यात एकदम टाका. अंदाजाने केलं की एकदा खारट एकदा फिक्कं होतं, खारट झालं तर बाळाला त्रास होतो, फिक्कं झालं तर उपयोग नाही. दूध, ज्यूस, सरबत यात मिसळायचं नाही, वरून साखर घालायची नाही. केलेलं २४ तासांत संपवा, उरलं तर ओता, पाकीट काही सोन्याचं नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतं, आशाताईंकडेही असतं.

पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा म्हणजे पाच मिलीचा, औषधाच्या बाटलीबरोबर येतो तेवढा. आपल्या घरी पोह्याचा चमचा, चहाचा चमचा, आमटीचा चमचा सगळेच चमचे, आणि आजी म्हणते "घाल चमचाभर" तेव्हा तो कुठला हे तिलाच माहीत. सुरीने वरून सपाट करा, मीठ जास्त पडू देऊ नका. चव डोळ्यातल्या पाण्यापेक्षा जास्त खारट लागली तर फेकून नवीन करा.

आणि दुकानात टेट्रापॅकमध्ये मिळणारी फळांच्या चवीची एनर्जी ड्रिंक्स म्हणजे ओआरएस नव्हे, त्यात साखर इतकी असते की जुलाब वाढतात. ठरलेल्या फॉर्म्युल्याचं नसेल तर नावात ओआरएस वापरायचं नाही असा आदेश एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये काढला, पण तुम्ही केमिस्टकडून घेताना डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का ते बघाच.

एवढ्याशा मीठसाखरेने काय होतं? सलाईन लावलेलं बरं नाही का?

हे आपल्याकडचं आवडतं. सलाईन लावलं की पेशंटला आणि नातेवाइकांना दोघांनाही ट्रीटमेंट झाल्यासारखं वाटतं. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बोनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात मिसळून ड्रममधून पेशंटना पाजायला लावलं, नातेवाइकांच्याच हातून. मृत्यूचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. ते २०२२ मध्ये गेले, २०२३ ला मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. साखर असेल तर आतडं मीठ ओढून घेतं आणि मिठाच्या मागे पाणी जातं, एवढी साधी गोष्ट, म्हणून नुसतं पाणी पुरत नाही. पेशंटला पिता येत असेल तर पिण्याने भागतं, पिताच येत नसेल किंवा ग्लानी असेल तेव्हा सलाईन.

अँटिबायोटिक कधी सुरू करायची?

आपण नाही करायची. व्हायरसवर चालत नाही, उलट जुलाब वाढू शकतात. गेल्या वेळची उरलेली स्ट्रिप तर अजिबात नाही.

जुलाब बंद करायची गोळीसुद्धा मुलांना द्यायची नाही, आणि ताप किंवा शीमध्ये रक्त असेल तर मोठ्यांनीही नाही. तापाला पॅरासिटामॉल, वयावजनाप्रमाणे. आयब्युप्रोफेनसारखी पेनकिलर अंगात पाणी कमी असताना किडनीला जड जाते. मुलांना झिंक मात्र विचारून घ्या, सहा महिन्यांच्या वरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम १४ दिवस देतात, जुलाब थांबले तरी कोर्स पूर्ण करायचा. आमच्याकडे चौथ्या दिवशीच बाटली फ्रिजच्या दारात विसरली गेली होती.

डायबेटिस, बीपी, किडनी, हार्टच्या गोळ्या चालू असतील तर पहिल्या दिवशीच डॉक्टरना फोन करा, काही गोळ्या जुलाबात थोडे दिवस थांबवायला सांगतात. स्वतः होऊन काही बंद करू नका, इन्सुलिन तर नाहीच.

खायला काय द्यायचं? लंघन करायचं का?

जबरदस्ती नको आणि उपासही नको. भूक लागली की भाताची पेज, मऊ मुगाची खिचडी, दहीभात, केळं, डाळीचं पाणी, ताक. बाळ अंगावर पीत असेल तर चालूच ठेवायचं, जास्त वेळा पाजायचं, दूध तोडायचं नाही. सासूबाई जायफळ उगाळायला घेतात, मोठ्यांना चिमूटभर ठीक, तान्ह्या बाळाला मी देऊ देत नाही, जायफळ जास्त झालं तर बाधतं. कोऱ्या कॉफीत लिंबू पिळून देणारेही भेटतील, ती लहान मुलांना नको. बेंबी सरकली म्हणून चोळून घेणारे तर गल्लोगल्ली आहेत, दुखणाऱ्या पोटाला कोणी दाबू देऊ नका.

हे स्टमक फ्लू नाहीच, दुसरंच काही आहे हे कसं कळणार?

अपेंडिक्समध्ये आधी दुखतं, मग उलटी होते. बेंबीपाशी सुरू होऊन काही तासांत उजवीकडे खाली जातं आणि तिथेच बसतं, चालताना, खोकताना, रिक्षा खड्ड्यात गेली की कळ येते. स्टमक फ्लूचा मुरडा येतो आणि जातो, एका जागी ठाण मांडत नाही.

पावसाळ्यात आणि नंतर डेंग्यू डोक्यात ठेवा, खूप ताप, अंगदुखी आणि ताप उतरताना पोट दुखून सारख्या उलट्या ही धोक्याची खूण. लघवी चहासारखी, डोळे पिवळे, जेवण बघवत नाही ही कावीळ. पेजेच्या निवळीसारखे पांढरट पाण्याचे जुलाब धो धो, तासातासाला, म्हणजे कॉलऱ्याची शंका, तिथे वाट बघायची नाही. तान्ह्या बाळाला हिरवी उलटी किंवा जेलीसारखी लाल शी म्हणजे त्याच पावली हॉस्पिटल.

आणि चाळिशीच्या पुढच्या माणसाला जुलाब नाहीत, नुसती मळमळ, छातीत पोटाच्या वर जड आणि घाम, आणि तो म्हणतोय "गॅस झालाय, ओवा दे", तर ओवा राहू द्या, ईसीजी काढा. डायबेटिस असेल तर दुप्पट लवकर. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी रात्रभर सोडा पिऊन काढली, सकाळी हार्ट अटॅक निघाला.

पुण्यात ते जीबीएस झालं होतं ते याच्यामुळेच ना?

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, किरकिटवाडी, (पुण्याजवळचं) नांदेड, धायरी या भागात गियाँ बारे सिंड्रोमचे, म्हणजे नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडण्याच्या आजाराचे, पेशंट अचानक वाढले, पुढे आकडा दोनशेच्या वर गेला. बऱ्याच जणांना आधी जुलाब झाले होते, तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा बॅक्टेरिया सापडला, काहींच्यात नोरोव्हायरसही, आणि बोट पाण्याकडे गेलं. जुलाब झालेल्या प्रत्येकाला हे होत नाही, फार थोड्यांना होतं, घाबरायचं कारण नाही. पण जुलाब बरे झाल्यावर एक ते तीन आठवड्यांत पायात मुंग्या, जिना चढताना पाय उचलत नाहीत, अशक्तपणा खालून वर सरकतोय असं वाटलं तर "आजारपणाचा थकवा" समजून टॉनिक घेऊ नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

डॉक्टरकडे नक्की कधी?

सहा महिन्यांच्या आतलं बाळ, गरोदर बाई, सत्तरीपुढचे, केमो किंवा स्टेरॉइड चालू असलेले, यांनी थांबूच नये. बाकीच्यांनी शीमध्ये किंवा उलटीत रक्त, १०२ च्या वर ताप, घोटभर पाणीही न टिकणं, सहा आठ तास लघवी नाही, पोटात सतत एकाच जागी दुखणं, ग्लानी, यातलं एक जरी असलं तरी. मुलाला एक दिवसात आणि मोठ्याला दोन तीन दिवसांत उतार नाही तरी. रात्री गाडी नसेल तर १०८.

घरात बाकीच्यांना होऊ नये म्हणून काय?

सॅनिटायझरवर विसंबू नका, नोरोव्हायरसला त्याने फारसा फरक पडत नाही. साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद, संडासनंतर आणि कणीक मळायच्या आधी. उलटी पुसताना ग्लोव्हज, तोंडाला रुमाल, आधी कागदाने उचला, मग ब्लिचचं पाणी टाकून पाच दहा मिनिटं राहू द्या. ब्लिच आणि टॉयलेट साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र नाही, विषारी क्लोरीन वायू होतो. टॉवेल वेगळा. आजारी माणसाने स्वयंपाक करायचा नाही, आणि आपल्या घरात आजारी पडते ती बहुतेक वेळा स्वयंपाक करणारीच, तर दोन दिवस बाकीच्यांनी कुकर लावायला शिका. सगळं थांबल्यावरही ४८ तास शाळा, ऑफिस, स्विमिंग पूल नको.

पाणी उकळायचं म्हणजे खळखळून उकळी येऊन किमान एक मिनिट. गावाला ग्रामपंचायतीने विहिरीत टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची) पावडर टाकली का ते विचारायला लाजू नका.

लस आहे का?

रोटाची आहे, तोंडात थेंब टाकतात, सरकारी दवाखान्यात ६, १०, १४ आठवड्यांना फुकट. आपल्या लसीकरणात २०१६ ला काही राज्यांपासून सुरू झाली, २०१९ पर्यंत देशभर आली. लस घेऊनही होऊ शकतो पण जोर कमी असतो. नोरोची अजून नाही.

एकदा होऊन गेला, आता परत नाही ना होणार?

होतो. नोरोचे प्रकार खूप आहेत आणि एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला पुरत नाही, जी येते तीही फार वर्षं टिकत नाही. आमच्या धाकट्याला गेल्या वर्षी दोनदा झाला, दुसऱ्या वेळी त्याने स्वतःच फ्रिजवरचा कागद मागून घेतला आणि लघवीच्या रकान्यात दर वेळी स्मायली काढला.